दोन भोवरे

घोडी बुजली, आणि सगळं तिथूनच सुरू झालं.

नेरळच्या ओढ्यावरून सुंदरा तांबड्या घोडीला पाणी पाजून आणत होती. वाटेत एक तरुण खाली वाकून कुणाच्या तरी तट्टाचा खूर न्याहाळत होता. घोडीनं मान झटकली आणि त्याचं पागोटं उडून चिखलात पडलं.

"लागलं का हो?" सुंदरानं घाबरून विचारलं.

"मला नाही. पागोट्याला विचारा."

तिला हसू आलं. पण ते ओठांवरच थिजलं. पागोटं उचलायला तो वाकला होता, आणि त्याच्या दाट केसांत तिला भोवरा दिसला. एक नव्हे — दोन!

डोक्यात दोन भोवरे असले की त्या पुरुषाची दोन लग्नं होतात, असं तेव्हा गावोगाव मानत. म्हणजे पहिली बायको टिकत नाही... पण परक्या माणसाच्या भोवऱ्यांशी आपल्याला काय करायचंय? सुंदरा घोडी घेऊन निघून गेली.

करायचं होतं, हे लवकरच कळलं. माथेरानला तेव्हा आगगाडी जात नव्हती. साहेबलोक तट्टांवर बसून डोंगर चढत. सुंदराचे वडील येसाजी अशी तट्टं बाळगून होते. आणि तो तरुण होता खालापूरचा सहदेव. मुंबईला परळमध्ये तो जनावरांची डॉक्टरी शिकत होता. शेवटच्या परीक्षेसाठी एखादा विषय निवडून, अभ्यासून लिहायचा होता, आणि विषय काही ठरत नव्हता. तो येसाजींच्या तबेल्यात येऊ लागला. खोगिरानं सोललेल्या पाठी बघे, चढणीवर स्वार लगाम कसा ओढतो ते बघे... आणि मधूनच सुंदराकडे बघे.

"आज कोणता विषय?" ती विचारी.

"पोटशूळ."

"काल तर खुरांचं म्हणत होता."

"काल तू खूर धूत होतीस."

"मग आज माझं पोट दुखतंय का?"

येसाजींना मुलगा आवडला. सुंदरा थोरली, धाकट्या भावंडांचं करता करता तिनं विशी गाठली होती. खालापूरला निरोप गेला, तिकडून होकार आला. आई सोनाबाई तांदूळ पाखडताना गुणगुणू लागली. सुंदराच्या घशाखाली मात्र घास उतरेना. सहदेव पागोटं कधी काढत नसे; ते भोवरे घरच्यांपैकी तिनं एकटीनंच पाहिले होते. आईला सांगावं, तर सोयरीक मोडणार. न सांगावं, तर — ती पहिली बायको आपणच!

एके सकाळी घोडीला खरारा करता करता तिनं विचारलं, "हिच्या डोळ्याखाली भोवरा हाय, बघितलात? आसूढाळ म्हणतात ह्याला. अशी घोडी मालकाच्या घरात रडं आणते म्हणून हिला कोणी घेईना. खरं असतं का हो हे?"

"माहीत नाही. आम्हाला कुणी शिकवलं नाही."

"मग तेच शोधा की! घोड्यांचे भोवरे..."

तिचा आवाज इतका कापला की तो बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "मिळाला विषय."

आणि तो गेला. पोशीर, कर्जत, खालापूर... दिसेल त्या तट्टाच्या तोंडापुढे उभा राहून मालकाला घरची खुशाली विचारू लागला. लोक हसत, "डॉक्टर, तट्टं तपासताय का सोयरीक जमवताय?"

तो परतला तेव्हा भातं कापून झाली होती. सुंदरा अंगणातून धावतच तबेल्याशी गेली.

"सांगा!"

"वाईट भोवऱ्याच्या घरी बारसं पाहिलं. चांगल्या भोवऱ्याच्या घरी सुतक पाहिलं. उलटंही पाहिलं. घोड्याच्या तोंडावरून घरचं काही कळत नाही, सुंदरा."

"आणि माणसाच्या... डोक्यावरून?"

सहदेवचा चेहरा उतरला. त्यानं सावकाश पागोटं काढलं.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासनं."

"माझी एक सोयरीक ह्याच्यापायी मोडली. तेव्हापासून झाकून ठेवतो. तुला रोज सांगायचं ठरवायचो, आणि रोज... जीभ रेटायची नाही. माझा ह्यावर विश्वास नाही. पण मी घोडे पाहिलेत, माणसं नाहीत. काही होणार नाही असं वचन कुठून देऊ? एवढंच सांगतो — तू नाही म्हणालीस, तर मला दुसरी तर सोडच, पहिलीसुद्धा नको."

सुंदरानं त्याच्याकडे पाहिलं. मग त्याची बाही धरली आणि त्याला तसाच, उघड्या डोक्यानं, अंगणात घेऊन गेली.

"आई, हे बघ."

सोनाबाईंनी सूप खाली ठेवलं. बघितलं.

"सुंदरे... दोन हायेत गं."

"ठाऊक हाय मला."

"भ्या नाय वाटत?"

"वाटतं. लई वाटतं." सुंदराचे डोळे भरून आले, पण बाही सुटली नाही. "पण भ्यायचंच हाय, तर ह्यांच्या घरात भिईन. दुसऱ्याच्या घरात सुखानं नाय ऱ्हायचं मला."

सोनाबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि एकदम लेकीवरच ओरडल्या,

"मग उघड्या डोक्यानं उन्हात काय उभं केलंस जावयाला? घरात घे त्यांना. मी पाट मांडते."