चारपर्यंत पायरीवर

"ही मी घेतलीय!"

दोघं एकदमच म्हणाले आणि काउंटरवरच्या डिजिटल डायरीवर दोन हात एकदम पडले. एक नीरजाचा, दुसरा कुणा उंच, घामाघूम मुलाचा.

"एकच उरलीय," दुकानदार बद्रीनाथ थंडपणे म्हणाले. "आणि एक वाजला. आता चारला."

"काका, माझ्यासाठी राखून ठेवा ना."

"राखायला ती काय एसटीतली जागा आहे? चारला जो आधी येईल त्याची."

बुधवार पेठेतलं ते शटर खडखडत खाली आलं.

घरोघरी नुकते फोन येऊ लागले होते ते दिवस. शेकडो नंबर खिशात मावतात याचंच तेव्हा नवल! नीरजाचे बाबा आज हडपसरच्या कारखान्यातून निवृत्त होत होते. शिवाय वस्तीतल्या बुद्धविहाराचे चिटणीस. अख्ख्या वस्तीचे नंबर चिठ्ठ्यांवर आणि चिठ्ठ्या शर्टाच्या खिशात. आईने शर्ट भिजवला की निम्मी वस्ती साबणाच्या पाण्यात. म्हणून पहिल्या पगारातून डायरीच द्यायची, आणि आज संध्याकाळच्या समारंभातच, असं तिने ठरवलं होतं.

ती पायरीवर बसली. तोही बसला.

"तुम्ही जा ना घरी. ऊन किती आहे," तो म्हणाला.

"तुम्हीच जा. मला ऊन आवडतं."

"मलाही. आम्ही वारज्याची माणसं, उन्हावरच वाढलोय."

हसू लपवायला तिने ओढणी तोंडाशी नेली... त्याने पाहिलंच.

त्याचं नाव तेजस. दुसऱ्या दिवशी बहिणीचा साखरपुडा होता, होणाऱ्या भाऊजींना डायरी द्यायची होती. "फार रुसतात हो. परवा पोहे गार होते म्हणून रुसले."

भूक लागली, पण आधी उठायला कुणी तयार होईना. शेवटी एकमेकांवर पाळत ठेवायला म्हणून दोघं मिळूनच कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात चहाला गेले. तिने क्रीमरोल मोडून अर्धा त्याच्यापुढे सरकवला.

"लाच?"

"समजा तसं."

"मग पूर्ण द्यायचा होता."

बोलता बोलता बाबांचा विषय निघाला. "तीस वर्षं लेथ चालवलंय. त्यांची करंगळीसुद्धा तुमच्या या अंगठ्याएवढी..." दाखवताना तिचं बोट त्याच्या अंगठ्याला लागलं. तिने ते पटकन मागे घेतलं.

तेजसने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "पण त्या डायरीची बटणं तर तुरीच्या डाळीएवढी आहेत."

नीरजाचा चहा तसाच राहिला. महिनाभर ती काचेतून डायरी बघत होती. चिठ्ठ्या आठवल्या, बोटं नाही आठवली!

"न्या तुम्हीच," ती म्हणाली.

"छे! तुम्ही न्या. नंबर तुम्ही भरून द्या त्यांना. भाऊजी काय, डायरी मिळाली तरी रुसतीलच."

"नको, तुम्ही न्या."

"अहो, तुम्ही..."

आधीच्या भांडणापेक्षा हे भांडण फार लांबलं. दुकानाशी आले तेव्हा शटर केव्हाच उघडलं होतं.

"चारला म्हणालो होतो," बद्रीनाथ म्हणाले. "विकली."

दोघं एकमेकांकडे बघत राहिले, आणि फुटलंच हसू!

"हसायचं असेल तर पायरी सोडून."

पायरी सोडली आणि नीरजाचा चेहरा उतरला. समारंभाची वेळ झाली होती आणि हात रिकामे. तेजसने स्कूटरला किक मारली. "बसा. निदान वेळेवर तरी पोचवतो."

ती बसली. मध्ये पर्स ठेवून. फातिमानगर येईपर्यंत पर्स मांडीवर आली होती.

कारखान्याच्या फाटकाशी बाबा हार घालून उभे होते.

"बाबा, भेट... मिळाली नाही."

"आन् हे कोन?"

"माझ्यामुळेच मिळाली नाही, काका," तेजस म्हणाला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. बाबा इतके हसले की हारातली फुलं गळली.

"बरं झालं. माझ्या एका बोटाखाली सहा बटनं दबली असती."

मग खिशातून चिठ्ठी आणि पेन्सिल काढून त्यांनी तेजसपुढे धरली. "नंबर लिवा तुमचा."

त्याने लिहिला. बाबांनी चिठ्ठीची घडी घातली. सवयीने हात खिशाकडे गेला... आणि थांबला. त्यांनी लेकीकडे एकवार पाहिलं, चिठ्ठी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची मूठ मिटली.

"ही तू ठेव. माझा शर्ट उद्या धुवायला जानार हाय."