छतावरच्या बाईची ओटी

जुईला बाळाचं काय सांगायचं, या काळजीने माझी झोप उडाली होती. महिन्यापूर्वी हॉस्पिटलातून रिकाम्या हातांनी आले, तेव्हा "बाळ देवाकडे राहिलंय" एवढंच म्हणाले. बी.एड.ला बालमानसशास्त्रात पहिली आलेली मी! चार वर्षांच्या पोरीपुढे दुसरं काही सुचलं नाही.

शहाऐंशीची कोजागिरी. मुलुंडला आमच्या गच्चीवर दूध आटत होतं. जहाजावरून रिटायर झालेले शेजारचे मार्तंडकाका पोरांना भुताची गोष्ट सांगायला बसले.

"काका, हिच्यासमोर नको ना," दूध ढवळणारी शेजारीण प्रेमा माझ्याकडे बघत म्हणाली.

"अगं, भुताचीच आहे. घाबरायची, रडायची नाही."

उठून जावं असं वाटलं. बसून राहिले.

"आमचा सेकंड इंजिनीयर जयवंत. ब्याऐंशी साली बायकोला, रत्नप्रभाला, बोटीवर घेऊन आला होता. बाली बेटाला बोट लागली, तेव्हा आम्ही तिथला जुना राजवाडा बघायला गेलो. मंडपाच्या छतभर चित्रं. आपला भीम रे! पंडूला सोडवायला नरकात गेलेला. तिथेच एक बाई. छातीला ही एवढी अळी. गाइड म्हणाला, जिला मूल नाही, तिला मेल्यावर अळीला पाजावं लागतं.

रत्नप्रभाने विचारलं, 'मूल झालं, पण बारशाआधी गेलं... तर त्या आईला कशात धरतात?'

गाइड पुढच्या चित्राकडे वळला.

तिने देवळासाठी आणलेले तांदूळ-नारळ त्या बाईखाली जमिनीवर ठेवले. ओटी भरली. पितृपक्षात! आणि ओटी घेणारी चार दाणे परत देते ना, ते घ्यायला पदर पसरून उभी राहिली.

वारा नव्हता...

वरून दाणे पडले. पदरात."

प्रेमाचा हात थांबला.

"त्याच रात्री. सर्वपित्री अमावास्या. केबिनमध्ये जयवंतला जाग आली. ती उठून बसलेली. ब्लाउज ओला. हात असे... जोजवत.

'काय करतेस?'

'हळू. पितंय.'

त्याने दिवा लावला.

हात रिकामे.

चोखण्याचा आवाज मात्र... थांबला नाही."



"आणि त्या रत्नप्रभाकाकू?" कुणीतरी विचारलं.

"आहे. चेंबूरला. सुखात आहे म्हणते. रात्री दार लावून घेते... पुढच्या वर्षी मी परत गेलो त्या राजवाड्यात. छतावर बाई होती. अळी नव्हती. रंग कुठे खरवडलेलासुद्धा नाही. रत्नप्रभाने काय पाजलं, देव जाणे."

पोरं एकमेकांना चिकटली. मी जुईला जवळ ओढलं. आता ही रात्रभर झोपायची नाही.

"खोटी गोष्ट आहे गं ती."

ती घाबरली नव्हती. विचार करत होती.

"आई, मग आपल्या बाळाला देवाकडे कोण पाजतं?"