वरची नळी

वरची नळी पेटली हे सांगायला मी दवाखान्यात गेलो, आणि तिथं कळलं की गिरिजा गेली.

१९७६ च्या फेब्रुवारीतला दुसरा रविवार होता. छातीच्या दुखण्यानं ती अकरा दिवस खाटेवर होती, तरी सकाळी तिनंच मला माळावर लावून दिलं. "जावा तुमी. पेटली का न्हाय, तेवढं सांगायला या," म्हणाली. वळसंगच्या रस्त्याला माझ्या दोस्ताच्या, श्रीमंतच्या, मेव्हण्याचा पडीक माळ आहे. तिथं साडेनऊला रॉकेट सोडलं. चार वेळा न पेटलेली वरची नळी पाचव्यांदा पेटली. काय कुठं पडलं ते बघायला मी थांबलो नाही. सायकल दामटत तासाभरात शहरात आलो. दवाखान्याच्या जिन्यात माझी मेव्हणी गंगम्मा पायरीवर बसली होती. मला बघून तिनं पदर तोंडाला लावला. साडेनऊच्या सुमाराला गेली, असं नंतर नर्सनं सांगितलं.

मी गिरणीत फिटर आहे. गिरिजा त्याच गिरणीत रीळ खात्यात होती. मूलबाळ नाही. रॉकेटचं खूळ तिचंच. गड्ड्याच्या जत्रेत दारूकाम बघताना तिनं विचारलं होतं, एका बाणानं दुसऱ्याला खांद्यावर न्यायचं आणि दमल्यावर त्याला पुढं सोडायचं, असं जमेल का? खरी रॉकेटं तशीच असतात हे मी पेपरात वाचलं होतं. श्रीमंतच्या घरात तीन पिढ्या जत्रेचं दारूकाम. तो दारू भरून द्यायला तयार झाला. आणीबाणीचे दिवस आहेत, पोलीस आधी उचलतील आणि मग विचारतील, असं हसत म्हणाला, पण आला.

बाकीचं घरीच केलं. सूत गुंडाळायच्या टाकाऊ कागदी नळ्या, एकीवर एक. टोक पांगाऱ्याच्या लाकडाचं, हलकं. पंख चहाच्या खोक्याच्या पातळ फळीचे. खालची नळी जळून संपली की तिच्या शेवटच्या ठिणगीनं वरची पेटायची, आणि वरचीची दारू संपली की टोक उडून आतलं कापड उघडायचं. ते कापड गिरिजानं जुन्या पातळाचं शिवलं होतं, हातभर रुंद. पहिल्यांदा एकच नळी उडवली तेव्हा ते कापड उतरताना घंटेसारखं हेलकावलं आणि पंख मोडला. तिनं कात्री घेतली आणि मधोमध कपाच्या बुडाएवढं भोक पाडलं. "झाकणाला भोक नसलं की भांडं थयथयतंच की. वाऱ्याला वाट पायजे," म्हणाली. भोकाची कड दुमडून शिवली. ती डावरी होती. तिची टीप दुसऱ्या बायकांच्या उलट कलायची. त्यानंतर कापड सरळ उतरायचं.

माती देऊन आल्यावर मला एकच गोष्ट लागून राहिली. तिनं विचारलं होतं आणि मी सांगायला पोचलो नव्हतो. जेवताना, मशीनला तेल घालताना, तेच. लोकांना वाटायचं मी रडत नाही. मला रडण्याआधी ते एक वाक्य सांगायचं होतं.

श्रीमंतनं माळावरून दोन्ही नळ्या आणि कापड आणून दिलं. कापड गंगम्मानं धुतलं आणि घडी करून ठेवलं. मला ती घडी उलगडवेना. मार्चमध्ये तशीच नळीत घातली आणि श्रीमंत आणि मी माळावर गेलो.

सकाळी दहा वाजता सोडलं. खालची नळी जळून खाली आली. वरची पेटली, धुराची बारीक रेघ काढत गेली आणि दिसेनाशी झाली. आम्ही मान वर करून उभे राहिलो. कापड उघडलेलं दिसलं नाही. पडल्याचा आवाजही आला नाही. मग दोघांनी सगळा माळ पालथा घातला, पलीकडची ज्वारीची कापणी झालेली रानंही बघितली. भाकरी खाल्ली. श्रीमंत बाभळीखाली आडवा झाला.

तीन वाजता मी सहज वर बघितलं. कापड उतरत होतं.

वारा नव्हता. ते हेलकावे न घेता, विहिरीत सोडलेल्या बादलीसारखं सरळ खाली आलं आणि आमच्यापासून वीस पावलांवर टेकलं. नळी हाताला गरम लागली. पाच तासांनी.

श्रीमंतनं नळी हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. वरच्या वाऱ्यानं धरून ठेवलं असेल, म्हणाला. मीही हो म्हणालो.

संध्याकाळी गंगम्मा धुवायला कापड घेऊन मोरीवर बसली आणि तिथूनच विचारलं, "दाजी, माझं ठिगळ कुणी उसवलं?"

मला काही कळलं नाही. मग तिनं सांगितलं. मयत झालेल्या घरात फाटकं कापड ठेवू नये म्हणून, तेराव्याच्या आधी, तिनं घरातलं सगळं फाटकं शिवून काढलं होतं. त्यात हेही. अक्कानं शिवलेली कड उसवून भोकावर पांढऱ्या दोऱ्यानं ठिगळ लावलं होतं. ते भोक मुद्दाम पाडलेलं आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणजे कापड वर गेलं तेव्हा बंद होतं.

आता ठिगळ नव्हतं. भोक उघडं होतं, आणि त्याची कड दोन बोटं लांबीपर्यंत दुमडून शिवली होती, बाकीची तशीच. दोरा आमच्या गिरणीचा, दुहेरी पिळलेला. गंगम्मानं ते दिव्याजवळ नेलं. टीप उलटी कलली होती.

"अय्यो," ती हळूच म्हणाली. "ही अक्काची टीप हाय." कापड तिनं धुतलं नाही.

मला भीती वाटायला हवी होती. त्या रात्री मी महिन्यात पहिल्यांदा गाढ झोपलो. वरची नळी पेटल्याशिवाय ते कापड तेवढं उंच पोचत नाही. तिच्या हातात पडलं असेल तर पेटली हे तिला कळलंच. सांगायचं राहिलं नव्हतं.

एप्रिलमध्ये पुन्हा सोडलं, सकाळी आठला. कापड उतरलं तेव्हा सूर्य मावळत होता. कड आणखी तीन बोटं शिवलेली होती. टोकाला सुई होती, दोरा ओवलेली, कापडात खोचून ठेवलेली. काम अर्धवट ठेवून चुलीकडं जाताना बाई ठेवते तशी.

श्रीमंतनं सायकल उचलली.

"आण्णा, बास आता," तो म्हणाला. "मी दारू भरनार न्हाय."

"एकदा पुरेल एवढी हाय माझ्याकडं," मी म्हणालो.

"मग तुमी जावा. मला बोलवू नका. आन् ती सुई घरात न्हेऊ नका."

मी नेली.

त्यानंतर मी रॉकेट उडवलं नाही. भोकाची कड मी बोटांनी मोजली होती. नऊ बोटं. पाच शिवून झाली होती, चार राहिली होती. शिवण पुरी झाली की कापड वर थांबवून ठेवायचं तिला कारण उरणार नाही, असा मी हिशेब केला. म्हणून कापड खुंटीला टांगलं. राहू दे चार बोटं. रोज कामावरून आलो की ते दिसतं. चहा करतो, त्याच्यासमोर बसून पितो. गिरणीतलं काय काय सांगतो. बरं चाललं आहे.

घराची किल्ली माझ्याकडंच असते. गंगम्मा अक्कलकोटला परत गेली.

आज सकाळी दाढी करताना कापडाकडं लक्ष गेलं. जवळ जाऊन बोट लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

सुई पुढं सरकली आहे.

दोन बोटं शिवायची राहिली आहेत.