लसणाचा वास

वस्तीची विहीर तळाला गेली, म्हणून कड्यामागचा झरा शोधायला तिघं निघाली: पाणी तपासणारी ती, नळाची कामं करणारे तिचे दीर आणि सामान वाहणारा ढब्बू. झऱ्याचं पाणी थेट वस्तीच्या नळांना जोडायचं होतं. म्हणजे तिच्या दोन वर्षांच्या लेकीच्या, चिमणीच्या पेल्यातही. दिरांनी तर नकाशावर 'चिमणीचा झरा' असं आधीच लिहून टाकलं होतं. बाजारात तुरी, असं ती म्हणालीही. पण मनातून सुखावली.

कड्यावरची वाट भुसभुशीत होती. अचानक ढब्बूच्या पायाखालचा दगड निखळला! तो घसरला. दिरांनी त्याचा पट्टा पकडला. माणूस वर आला, पाण्याचा कॅन मात्र आपटत आपटत दरीत गेला.

झरा सापडेपर्यंत जिभा टाळूला चिकटल्या होत्या. पाणी काचेसारखं नितळ होतं. इतकं नितळ की तळाशी शेवाळ नाही, काठाला एक किडा नाही. तिला ते खटकलं. तिने पिशवीतून चाचणीची बाटली काढली. तोवर ढब्बूने तिथलेच तीन जड, चंदेरी दगड मांडून चहासाठी चूल पेटवली. जरा वेळाने लसणाचा उग्र वास सुटला.

तिने लसूण कोणी आणला ते विचारलं.

"ताई, मी मीठसुद्धा विसरलोय, लसूण कुठला?"

चुलीतून पांढरा धूर निघत होता. दिरांनी ओंजळ भरली होती.

"टाका ते!" तिने त्यांचा हात उडवला. दोघांना ओढत वाऱ्याच्या वरच्या अंगाला नेलं. दगडात आर्सेनिक आहे, आपला सोमल. तापला की असाच वास येतो, असं तिने धापा टाकत सांगितलं. पाण्यात उतरला तर मात्र ना रंग, ना वास, ना चव. तिने बाटलीत झऱ्याचं पाणी भरलं, पूड टाकली, झाकणात कागदी पट्टी बसवली. पट्टी पिवळी पडली, मग तपकिरी.

"उकळून घेऊ ना, वहिनी. घसा सुकलाय."

"उकळून जंतू मरतात, भावोजी. हा मरत नाही. पाणी आटलं की उलट दाट होतो."

भरल्या झऱ्याकडे पाठ फिरवून तिघं दुसऱ्या उताराने खाली निघाली. दिरांना दोनदा भोवळ आली. ऊन कलल्यावर बेडकांचा आवाज कानी पडला. ओहोळ होता, गढूळ, बारीक. तिने पट्टी लावली आणि श्वास रोखून वाट पाहिली. पट्टी पांढरीच राहिली. मग पाणी फडक्याने गाळून, खळखळ उकळून तिघं प्यायली.

गाळणी बसवली तर निम्म्या वस्तीला पुरेल, असा दिरांनी अंदाज बांधला. त्यांनी नकाशावरचं चिमणीचं नाव खोडून तिथे ठळक फुली मारली आणि तेच नाव ओहोळापाशी लिहिलं.

"एवढ्या गढूळ पाण्याला?" तिने विचारलं.

"आंघोळीआधी तीही अशीच दिसते की, वहिनी."