पान दोनशे बारा

चंदर निर्दोष ठरला.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. कारण १९९८ सालच्या त्या दुपारी मुरबाडच्या त्या कारखान्यात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. चंदरला तर मुळीच नाही. तो जमिनीवर बसून रडत होता.

त्याच्यासमोर जपानहून सेकंडहँड आणलेलं प्रेस मशीन मरून पडलं होतं. आतून जळून जाम.

"ह्यानेच मोडलं," मालक हवालदार साईनाथला म्हणाले. "पगारवाढ दिली नाही म्हणून. घाला बेड्या."

चंदरची बायको जनी डबा घेऊन आली होती, ती दारातच थिजली. "याला नेलात तर पोरांना काय घालू, सायेब? ह्या मशीनचे नट?"

साईनाथला फाटकापासून शेडमध्ये आणलं होतं ते सुपरवायझर शेखरने. भाविक माणूस. फाटकावरच्या मारुतीला त्याने हात जोडले, ऑफिसातल्या साईबाबांना जोडले, पाण्याच्या टाकीवरच्या दत्तालाही जोडले. मशीनच्या कपाळावर गणपतीचा फोटो चिकटवलेला होता. तो लाल उजळला होता. खाली हळदकुंकू, फुलं, नारळाच्या शेंड्या. साईनाथचे हात आपोआप जोडले गेले. शेखर घड्याळ बघत पुढे गेला.

"मशीनने आधी काही इशारा दिला?" साईनाथने चंदरला विचारलं.

"नाय. आठवडाभर फक्त बाप्पा पेटलाय."

"पेटलाय म्हणजे?"

"लाल. आपोआप. एका सकाळी आलो तर मशीनवर व्हता. आमाला वाटला, जागृत झाला. बाजूच्या शेडमधली माणसं पण दर्शनाला आली. मी रोज नारळ फोडला, सायेब. आणखी काय सेवा करायची?"

"आवाज?"

"करकरत व्हता. शेखरभाऊंना सांगितला. बोलले, आरती जोरात म्हण."

"तेल कोण घालतं?"

"भाऊच. चावी त्यांच्याकडं. रिकामे डबे पण तेच जीपने शहापूरला नेतात. दोघांनी उचलायला लागतात, लय जड."

साईनाथ शेखरकडे वळला. "फोटो कुणी लावला?"

"मशीनमधूनच प्रकटलाय, साहेब."

"जपानहून?"

"देव काय," शेखर घाम पुसत म्हणाला, "सगळीकडे असतो."

साईनाथने बूट काढले, गणपतीची माफी मागितली आणि नखाने फोटो सोलला. शेडभर "अरे देवा" झालं. फोटो त्याने आदराने भिंतीला टेकवून ठेवला, तोंड समोर.

खाली लाल दिवा होता. दिव्यावर एकच जपानी अक्षर. डावीकडे तीन थेंब, उजवीकडे खिडकी, खिडकीतून वर निघालेला दांडा.

मालकांनी ऑफिसातून जाडजूड जपानी-इंग्रजी कोश आणला. मशीन बसवायला आलेला जपानी इंजिनिअर तो विसरून गेला होता, आणि मालक तो पाहुण्यांना दाखवायला टेबलावर ठेवत. "अक्षराच्या रेघा मोजायच्या," ते म्हणाले. "त्या आकड्याखाली अक्षर शोधायचं. तिथे पान नंबर मिळतो. पानावर इंग्रजीत अर्थ."

साईनाथने मोजल्या. नऊ. नवाखाली ते अक्षर नव्हतं. पुन्हा मोजल्या. पुन्हा नऊ. मालक जीपच्या चाव्या वाजवू लागले. एका खिडकीला रेघा किती, यावर चंदरच्या घराची चूल अडली होती.

शेवटी प्रस्तावनेत सापडलं. खिडकीची वरची आणि उजवी बाजू हात न उचलता एकाच रेघेत लिहितात. म्हणजे आठ. आठाखाली अक्षर होतं. पान दोनशे बारा.

कोशात दोनशे दहानंतर थेट दोनशे तेरा होतं. मधला कागद फाडलेला.

"संपलं," मालक म्हणाले. "ऊठ रे चंदर."

जनीने डबा उघडला. "जेवून तरी जाऊ द्या त्याला."

चंदर जेवायला बसला. उभ्या आयुष्यात त्याने भात इतका चावला नव्हता. तेवढ्यात साईनाथने कोश मागून उघडला. शेवटी इंग्रजी शब्दांची यादी होती, प्रत्येक शब्दापुढे पान नंबर. शब्द सोडून तो नुसत्या आकड्यांवरून बोट फिरवत दोनशे बारा शोधत गेला. चंदरने डबा बोटाने पुसून काढला, तेव्हा साईनाथचं बोट थांबलं.

"फाटलेल्या पानावर एवढं होतं," साईनाथ म्हणाला. "नदी, पोहणे, रडणे, लाट, तेल."

मालक विचारात पडले. "मशीनला पोहायचंय?"

"रडायचं असंल," जनी म्हणाली. "इथं काम केल्यावर येतंच."

"तेल," साईनाथ म्हणाला. "आठवडाभर ते तेल मागत होतं. शेखरने पहिल्याच दिवशी कोशात बघितलं. पण घालणार काय? भरलेले डबे रिकामे म्हणून शहापूरला विकून झाले होते. कोश गायब केला तर मालकांच्या लक्षात येणार. म्हणून पान फाडलं, आणि दिव्यावर देव चिकटवला. आपल्याकडे देव कोण सोलतो?"

"पुरावा काय?" शेखर ओरडला.

"वाटेत तू तीन देवांना हात जोडलेस. ह्या एकाला नाही. तो बल्ब आहे हे तुला एकट्यालाच माहीत होतं."

साईनाथने भिंतीचा फोटो उचलून उलटा केला. दिव्यावरचं अक्षर आरपार दिसू नये म्हणून मागे छापील कागद डकवला होता. पान दोनशे बारा.

शेखरने पहिल्यांदाच त्या गणपतीला हात जोडले.

चंदर सुटला. मशीन काही सुटलं नाही. संध्याकाळी मालकांनी शेडला कुलूप घातलं.

"निर्दोष म्हंजे उद्या कामाला यायचा ना?" जनीने विचारलं.

साईनाथने पेन उघडलं. त्याने अहवालाच्या शेवटी लिहिलं:

"सबब विनंती की, जपानस्थित यंत्र-उत्पादकांनी यापुढे तेल मराठीतून मागावे. त्यांस ते जमेपर्यंत चंदर याचा पगार शासकीय तिजोरीतून चालू ठेवावा. सदरहू प्रकरणी सात दिवसांत कार्यवाही करून उलट टपाली कळवावे."