सहा जागांची नावं

माधवी अंबरपेठेहून निघाली तेव्हा चांगलं लख्ख ऊन होतं. पिशवीत पेढ्यांचा पुडा होता आणि माफी कशी मागायची ते वाक्य तिनं वाटेत चारदा घोकलं होतं. शहराच्या कडेला खडकाळ माळावर मनकर्णाआजींची आदिवासी वस्ती होती, हैदराबाद तिथवर पोचायच्या कितीतरी आधीपासून.

तीन महिन्यांपूर्वी एका खासगी सर्व्हे कचेरीनं तिला तिथं धाडलं होतं. जुनी नावं नकाशावर चढली की माळ रिकामा आहे असं कुणी म्हणू शकणार नाही, असं तिचे साहेब एकनाथराव म्हणाले होते. तिनं ते भाबडेपणानं खरं मानलं आणि आजींनाही सांगितलं, "तुमच्या माणसांना नकाशात जागा देते." मग आजींनी हात धरून तिला सहा जागा दाखवल्या. जिथं जो पुरला, त्याचंच नाव त्या जागेला. धुरपतीचा बसका, गंगारामाचं पाणी, सखूची सावली... प्रत्येक ठिकाणी आजी उजवा पाय मातीत दाबायच्या आणि मगच नाव घ्यायच्या.

"जागेवर पाय दाबूनच नाव घ्यावं, माय. दुसरीकडं घेतलं की ते उठून तिकडं जातेत. मंग हाक मारून माघारी आणावं लागतं."

माधवीनं मान डोलावली. तिचा मोबाइल मात्र सगळं टिपत होता. घरी यादी टाइप करताना तिनं ते रेकॉर्डिंग लावलं, पुन्हा पुन्हा लावलं. शिकलेली मुलगी, तिला काय त्याचं!

त्या दिवसापासून भरदुपारी घरात ओल्या दगडाचा वास यायला लागला. गॅलरीत कुणीतरी अनवाणी फिरे. आई पोळ्या लाटता लाटता थांबायची आणि हळूच विचारायची, "कोण खोकतंय गं?" घरात त्या दोघींशिवाय कुणी नसायचं. आई दिवसेंदिवस वाळत चालली.

नकाशा तयार झाला तेव्हा त्यावर एकही नाव नव्हतं. 'पडीक खडक', एवढंच, आणि खाली माधवीची सही. ती तणतणत एकनाथरावांकडे गेली, तर ते हसले.

"नावं टाकली की जमिनीला वारस फुटतात, बाई. पण यादी झकास केलीत हां. सुरुंगवाल्याला तीच दिली. म्हटलं, आधी हे सहा उडव."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. आणि त्यात वाईट असं की गळा आजींचा होता, हात माधवीचा.

आज पेढे घेऊन ती माळावर पोचली, तर माळच नव्हता. सपाट मुरूम आणि त्यावर चुन्याच्या रेघा. वस्ती उठवली होती. कडेला आजी एकट्याच उकिडव्या बसल्या होत्या.

"आजी, मला फसवलं त्यांनी," माधवीला रडू फुटलं. "ते... ते सगळे माझ्या घरी आहेत. आई घाबरून गेलीय. त्यांना हाक मारा ना. माघारी बोलवा."

"बोलावते की," आजी शांतपणे म्हणाल्या. "पण पाय कुठं दाबू?"

आजी उठल्या. त्यांनी तिला पोटाशी धरलं, पाठीवरून हात फिरवला. म्हातारीनं माफ केलं, असं वाटून माधवीचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात तिच्या पावलावर एक खरखरीत पाऊल आलं आणि दाबलं गेलं. कानाशी पुटपुट सुरू झाली. धुरपती... गंगाराम... सखू... दर नावाला पाऊल उचलायचं, पुन्हा दाबायचं. असं सहा वेळा.

"आजी... हे काय करताय?"

"जागा देते म्हणली होतीस ना, माय."

एवढं बोलून त्या चालू लागल्या. माधवीनं हाका मारल्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

रस्त्यावर ऑटो मिळाला. बसते न बसते तोच आईचा फोन. किती दिवसांनी तिचा आवाज हलका होता. "अगं, घर कसं मोकळं मोकळं वाटतंय आज!"

"हो का," माधवी कशीबशी म्हणाली आणि फोन ठेवला. मागच्या सीटवर ती एकटीच होती. ऑटोवाल्यानं आरशात पाहिलं आणि इंजिन बंद केलं.

"मॅडम, तीन से जादा नै बिठाता मैं. बाकी लोगां कू उतारो," तो वैतागून म्हणाला. मग त्याची नजर तिच्या मांडीकडे गेली आणि आवाज मऊ झाला. "बच्ची कू रहने देव... सो गई ना वो."