वर्षभराची गाणी आणि डावा कान

दिवे गेले आणि शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, "घाबरू नका. फ्यूज असेल."

"तुम्हाला काय माहीत?" मी अंधारातच विचारलं.

"धंदाच आहे माझा. लिफ्ट दुरुस्त करतो."

"इथे कुठे लिफ्ट आहे?"

"नाही ना... म्हणून तर निवांत बसलोय!"

मला हसू आलं. सभागृह लहानसं, त्यातून काळोख मिट्ट. दिवे काही येईनात. मग गायिकेनेच माईक बाजूला ठेवला, मंचावरून खाली उतरली आणि खुर्च्यांच्या मधून चालत गायला लागली. मागून गिटारवाला धडपडत येत होता. आमच्या रांगेपाशी ती आली तेव्हा तिचा श्वाससुद्धा ऐकू आला... अंगावर सर्रकन काटा आला माझ्या.

दिवे आले, तर शेजारचा डोळे पुसत होता.

"धूळ," तो म्हणाला.

"हो का? चष्म्याच्या दुकानात काम करते मी. धुळीने पाणावलेले डोळे वेगळे दिसतात."

तो लाजला. उंच, सावळा, हाताला ग्रीसचा पुसटसा वास असलेला माणूस — आणि कानाच्या पाळीपर्यंत लाजला! तेव्हापासून तो माझा लिफ्टवाला झाला आणि मी त्याची चष्मेवाली.

मग वर्षभर आम्ही गाणं सोडलं नाही. वाचनालयात एका मुलीने चेलो वाजवला, तेव्हा पुस्तकांच्या कपाटाला टेकून, खांद्याला खांदा लावून उभे राहिलो. मैदानावरच्या कार्यक्रमात रिमझिम सुरू झाली, तर त्याने आपलं जाकीट माझ्या डोक्यावर धरलं आणि स्वतः नखशिखांत भिजला. बागेत निवृत्त पोस्टमनांचा बँड वाजला. त्यातल्या ट्रम्पेटवाल्या आजोबांची कवळी गाणं ऐन रंगात आलेलं असताना उडाली. आजोबांनी ती हवेतच झेलली आणि पुढची ओळ वेळेवर उचलली.

"वर्षातला सगळ्यात भारी कार्यक्रम हाच!" लिफ्टवाला ठासून म्हणायचा.

"अजिबात नाही. अंधारातला."

"का? त्यात मी भेटलो म्हणून?"

"गायिका चांगली होती म्हणून."

"बरं... गायिका तर गायिका." आणि तो माझ्याकडे बघून असा हसायचा, की मी घाईघाईने चहात साखर ढवळायला लागायचे. चहात साखर नसायचीच.

असं सगळं छान चाललेलं. एका सकाळी मी उठले आणि माझ्या डाव्या कानात जग बंद झालं होतं.

आधी वाटलं, होईल कमी. दुकानात गेले. एक काका म्हणाले, "काडी ढिली झालीय." मी म्हणाले, "गाडी? समोरच्या फुटपाथला लावा." काकांनी हातातला चष्मा माझ्या नाकासमोर धरला. दुकानातले सगळे हसले. मीही हसले, पण आत जाऊन आरशात कान बघून आले.

कारण आमच्या घरात आत्या आहे. बाबांची थोरली बहीण. माझ्याच वयाची असताना तिचा एक कान गेला, मग दुसरा. पूर्वी घरात तिच्या गुणगुणण्याचा आवाज असायचा म्हणतात. मी तो कधी ऐकला नाही. आता ती आमचे ओठ वाचते.

मी डॉक्टरकडे गेले नाही. जे ऐकायला लागेल, ते ऐकायचंच नव्हतं. आणि लिफ्टवाला? आम्हा दोघांत जे काही होतं, ते गाण्यावरच तर उभं होतं. गाणंच गेलं तर उरणार काय...

नेमका तेव्हाच त्याचा फोन आला. आवाजात नुसता आनंद. माझा लाडका गायक कितीतरी वर्षांनी पुन्हा मंचावर येणार होता आणि याने रांगेत उभं राहून तिकिटं मिळवली होती.

"मला नाही जमणार," मी उजव्या कानाशी फोन घट्ट धरून म्हणाले.

"रविवार आहे गं."

"कामं आहेत."

तो हळूच म्हणाला, "माझा कंटाळा आला का? तसं असेल तर सांग... मी रागावणार नाही."

मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडले. आत्या भाजी निवडत होती. तिने माझी हनुवटी धरून चेहरा आपल्याकडे वळवला. सगळं सांगितलं तिला. ती ओठ बघत राहिली, मग फाडकन म्हणाली, "बहिरी मी आहे. तू मुकी कशाला झालीस? ऊठ! त्याला सांग आणि डॉक्टरला दाखव. मी उशीर केला होता, तू करू नकोस."

मी शोधत गेले, तेव्हा लिफ्टवाला एका ऑफिसच्या इमारतीत काम करत होता. लिफ्टचं दार उघडं, खाली खड्डा, आणि खड्ड्यातून फक्त त्याचं डोकं वर आलेलं. मला पाहून हातातला पाना खाली पडला.

"मला डाव्या कानाने ऐकू येत नाही!" मी म्हणाले. बहुधा फार मोठ्याने, कारण अख्खी लॉबी वळून बघायला लागली. "आत्यासारखं होणार माझं. गाणी जातील. तू दुसरी कुणीतरी बघ... गाणी ऐकणारी!"

तो खड्ड्यातून वर आला. हात पुसले. मग माझ्या डावीकडून निघाला, वळसा घालून उजवीकडे आला आणि म्हणाला, "झालं बोलून? चल. डॉक्टर कुठे बसतात?"

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला आत घेतलं, त्याला बाहेर बसवलं. कानात दिवा घालून बघितलं.

"पोहायला जाता का?"

"हो... हल्लीच लागलेय."

"हं. मळ आहे. पाणी लागून फुगलाय आणि गच्च बसलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मळ, बाई. साधा मळ!"

कोमट पाण्याची पिचकारी, एक गुदगुली, काहीतरी सुटल्यासारखं झालं — आणि सगळं एकदम आत आलं. पंख्याची कुरकुर, ट्रेमध्ये पडलेला चिमटा, रस्त्यावरचे हॉर्न. इतकी सुंदर कुरकुर मी जन्मात ऐकली नव्हती. हसू की रडू कळेना. आत्याचं दुखणं वेगळं होतं, असं बाई समजावत होत्या. तिच्यामुळे वर्षातून एकदा तपासून जा, एवढंच. मी नुसती मान हलवत होते.

तेवढ्यात अर्धवट उघड्या दारातून आवाज आला. फोनवर बोलत होता तो, दबक्या सुरात.

"नाही गं आई, अजून तपासतायत... गेला कान तर गेला. मी उजवीकडे बसेन. हो, तिच्याशीच करणार आहे लग्न... नाही ना, तिला विचारलंच नाहीये अजून! अगं, लिफ्टच्या खड्ड्यात उतरायला भीती वाटत नाही, पण हिच्यासमोर..."

मी दार ढकललं. तो ताडकन उठला आणि ओठ वेडेवाकडे करत, एकेक अक्षर सुटं करत ओरडला, "का–य म्ह–णा–ल्या?"

"ओरडू नकोस. मळ होता."

"मळ?"

"मळ. निघाला. दोन्ही कान ठणठणीत."

तो मटकन खाली बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत सुटला, मग डोळे पुसले. या वेळी धूळबीळ काही म्हणाला नाही. आणि मग अचानक थबकला.

"म्हणजे तू आत्ता... ते..."

"दार उघडं होतं."

त्याचा चेहरा लालबुंद झाला. फोन तसाच सुरू होता. त्यातून त्याच्या आईचा आवाज आला, "अरे, मग विचार की आता!"

आणि त्याने विचारलं. सगळ्या पेशंटांच्या देखत, अडखळत, भलत्याच ठिकाणी श्वास घेत.

मला शब्दन् शब्द लख्ख ऐकू आला. तरी मी डावा कान पुढे केला आणि म्हणाले, "काय म्हणालास? ...पुन्हा सांग ना."